बिलाखालचं तुळशीपत्र

दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवायचं, पाणी सोडायचं आणि 'आता हे माझं नाही' म्हणून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. या रितीतली पळवाट कुणा चतुर माणसाला सापडली आणि मराठीला एक म्हण मिळाली : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. घर हलवायाचं, पुण्य आपलं, खर्च एका पानाचा. म्हणीतल्या हलवायाची एक सोय मात्र होती. हा व्यवहार चालू असताना तो तिथे हजर नसायचा, त्यामुळे नुकसान झालं तरी चारचौघांत शोभा होत नसे. सुपरमार्केटने ही उणीव भरून काढली आहे. आता हलवायालाच रांगेत उभं करतात, त्याचं सामान काउंटरवर मांडून घेतात, बारकोड टुकटुक वाजवून बेरीज सांगतात, आणि पाकीट किंवा फोन त्याच्या हातात आलाय अशा नेमक्या क्षणी, मागच्या दहा-अकरा जणांच्या साक्षीने विचारतात, "सर, मुलांच्या शिक्षणासाठी एक रुपया अ‍ॅड करू?"

हा प्रश्न एकटा येत नाही, वरातीतला तो शेवटचा पाहुणा असतो. आधी 'मेंबरशिप आहे का?' नाही. 'मोबाइल नंबर सांगता?' नाही. 'कॅरीबॅग हवी?' नको, घरून आणलीय. आणि साडीच्या दुकानाची, एक बंद उसवलेली पिशवी आपण विजयी मुद्रेने वर करून दाखवतो. 'ही बिस्किटं ऑफरमध्ये आहेत, देऊ?' नको. एखाद्या भिडस्त माणसाजवळ आठवडाभर पुरतील एवढे नकार इथे दीड मिनिटात संपतात. पाचवा नकार घशातून वर यायला तयार नसतो. त्यात समोरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत झळकत असतं : आज आपली बचत ८७ रुपये. म्हणजे नुकतेच सत्त्याऐंशी रुपये वाचवून बसलेला हा इसम एका गरीब मुलाला एक रुपया द्यायला तयार नाही, असं आरोपपत्र तयारच आहे, सही तेवढी बाकी. मागच्या माणसाच्या हातात दुधाची एकच पिशवी असते, तिचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत असतं, आणि 'उरका ना राव' अशी त्याची नजर आपल्या मानेवर रुतलेली असते. आपण म्हणतो, "करा." हा 'करा' एकदा नीट ऐकून पाहावा. त्यात करुणा नसते. नर्सने सुई भरून घेतल्यावर बाही वर सरकवत आपण जो 'करा' म्हणतो, तोच हा.

माझा मुद्दा या 'करा'पुरताच आहे. काउंटरवरचा रुपया संस्थेच्या खात्यात दान म्हणून जमा होत असेलही, पण खिशातून निघताना तो दान नसतो. 'नाही' म्हणण्यातून सुटका व्हावी म्हणून भरलेलं ते शुल्क असतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय. भिडेपोटी देत सुटलेला माणूस शेवटी भिकेला लागतो, हा त्याचा अर्थ. आधुनिक दुकानदारीने या दोघी बहिणींना एकाच काउंटरवर नोकरी दिली. एकीने मागायचं, दुसरीने द्यायला लावायचं.

भीड काय मोजता येते का, असं कुणी म्हणेल. अर्थशास्त्रज्ञांना दुसरं काम नसल्यामुळे त्यांनी तीही मोजली आहे. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उल्रिके माल्मेंडियर या तिघांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. शिकागोच्या आसपासच्या वस्त्यांत त्यांनी देणगी मागणारे लोक दारोदार पाठवले. काही दारांवर आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली, की उद्या अमुक वेळेला आम्ही येत आहोत. आतिथ्यशील माणूस अशी चिठ्ठी वाचून चहाचं आधण ठेवेल असा आपला समज. प्रत्यक्षात चिठ्ठी वाचल्यावर दार उघडणाऱ्यांचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं. काही चिठ्ठ्यांवर 'कृपया त्रास देऊ नका' अशी खूण करायची चौकट छापली होती. तिथे तर देणगीचं प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी घसरलं, आणि ही घसरण मुख्यतः दहा डॉलरच्या आतल्या देणग्यांची होती. म्हणजे ज्याला खरोखरच भरघोस द्यायचं होतं त्याने चौकटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गळाले ते चिल्लर देणारे, कारण त्यांची चिल्लर मुळात दयेची नव्हतीच, दार उघडून समोरच्याला रिकाम्या हाताने परत पाठवण्याच्या संकोचाची होती. संशोधकांनी पुढे 'नाही' म्हणण्यामुळे होणाऱ्या मनस्तापाची किंमतही काढली : आपल्या राज्यातल्या संस्थेला नकार द्यायचा तर ३ डॉलर ८० सेंट, परराज्यातल्या संस्थेला १ डॉलर ४० सेंट. परप्रांतीयांना नकार देणं स्वस्त पडतं, हा निष्कर्ष आपल्याकडे निवडणुकीच्या सभांतून फुकट ऐकायला मिळतो, ते सोडा. पण 'नाही'ची किंमत एवढी चढी असेल आणि 'हो' एका रुपयात मिळत असेल, तर कोणताही मध्यमवर्गीय 'हो'च विकत घेणार. तो दानशूर नसतो, हिशेबी असतो.

दुसरा प्रयोग तर थेट सुपरमार्केटच्या दारातच झाला. साल्व्हेशन आर्मी ही संस्था नाताळात तांबडी किटली टांगून, घंटा वाजवत निधी जमवते. जेम्स अँड्रिओनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बॉस्टनजवळच्या एका दुकानाच्या कधी एका दारात, तर कधी दोन्ही दारांत ही घंटावाली मंडळी उभी केली. काहींनी नुसती घंटा वाजवायची, काहींनी तोंडाने 'कृपया द्या' म्हणायचं. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. तोंडाने मागितलं की देणारे भरपूर वाढले. आणि त्याच वेळी, सुटायला दुसरं दार असेल तर तिकडून सटकणारेही भरपूर वाढले. एकच माणूस, तोच स्वभाव, फरक फक्त दाराचा. आपल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर काचेची किंवा प्लॅस्टिकची दानपेटी असते, कुठल्या गोशाळेची, कुठल्या अंधशाळेची. ती घंटाही वाजवत नाही आणि बोलतही नाही. तिच्यात कुणी नाणं टाकलं तर टाकलं, नाही टाकलं तर पेटी नाराज होत नाही. ही पेटी म्हणजे दोन दारांचं दुकान. बिलिंग काउंटर मात्र एकाच दाराचा असतो. दार तिकडेच आहे आणि वाटेत प्रश्न उभा आहे.

पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो शंभरातले नव्वद लोक घेतात : अहो, एका रुपयाने काय जातं? याचं उत्तर देण्याआधी, छोट्या रकमेवरून माणसं किती मोठी होऊ शकतात हे पाहावं. कागदी पिशवीचे ३ रुपये बिलात लावले म्हणून चंडीगडचा एक ग्राहक बाटा कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात गेला, आणि २०१९ साली मंचाने कंपनीला ९००० रुपयांचा भुर्दंड लावला. तीन रुपये देण्याची त्या ग्राहकाची ऐपत नव्हती, असं कुणीच म्हणणार नाही. रुपया जाण्याबद्दल तक्रार नसतेच, तो कसा गेला याबद्दल असते. रिक्षावाल्याला आपण आपणहून दहा रुपये वर सोडतो आणि छान वाटतं. त्यानेच मीटर दोन रुपयांनी पळवला तर दिवसभर चडफडतो. दहा मोठे की दोन, हा प्रश्न पहिलीतल्या मुलाला विचारावा. आपला हिशेब वेगळ्या वहीत चालतो.

याच आक्षेपाचं मोठं भावंड अधिक वजनदार आहे. थेंबे थेंबे तळे साचे. तुमच्या भिडेची चिकित्सा करत बसण्यापेक्षा साचलेलं तळं बघा. खरं आहे. अमेरिकेत काउंटरवर पैसे गोळा करणाऱ्या, दहा लाख डॉलरच्या वर मजल मारलेल्या ७७ मोहिमांनी २०२२ या एका वर्षात ७४.९ कोटी डॉलर जमवले. एवढ्या पैशांतून इस्पितळं चालतात, मुलं जेवतात. ज्या मुलाच्या ताटात त्यातला भात पडला त्याला तो संकोचाचा की करुणेचा हे चवीवरून कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. हा मुद्दा मी खोडू शकत नाही आणि खोडावा असंही वाटत नाही. पण थेंबाथेंबाने तळं साचवायचं तंत्र मॉलवाल्यांनी शोधून काढलं असा जो भाव त्यात असतो, तो मात्र महाराष्ट्रात तरी कुणी मिरवू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी 'पैसा फंड' काढला. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी ही कल्पना उचलून धरली, आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकांच्या एकेका पैशाची काच झाली! आजच्या कुठल्याही मॉलच्या संगणकाला हेवा वाटावा असं हे 'राउंड अप'.

मग फरक काय? मागणारा एक पैसा मागत होता, हाही एक रुपयाच मागतोय. फरक असा, की काळे वर्षातून एकदा मागत. तुम्ही समोसा घेतला की मागा, दूध घेतलं की मागा, काल विसरलेली कोथिंबीर आणायला परत आलात की पुन्हा मागा, असा पैसा फंडाचा बाणा नव्हता. दुसरं, फंडाचं नाव पैशावरून पडलं होतं, आणि पैसा लोकांचा होता. 'अमुक ट्रेडर्स तर्फे राष्ट्रास सप्रेम भेट' असा फलक त्यावर नव्हता. आणि तिसरं, ज्याला शंका येईल त्याने तळेगावचं तिकीट काढावं आणि भट्टी पाहून यावी. काउंटरवर दिलेल्या रुपयाचं तळेगाव कुठे असतं, हे कुणालाच माहीत नसतं. मुष्टिफंडही पैसा फंडाच्याच जातीचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांतल्या पोरांसाठी गावोगावच्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढत. ती मूठ त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या वेळेला, पीठ दळण्याआधी निघायची. पाठीमागे दुधाची पिशवी घेतलेला कुणी घाई करत नसायचा. त्या मुठीत संकोच नव्हता, म्हणून ती दिसायला लहान असूनही मूठ होती. काउंटरवरचा रुपया चिमूटसुद्धा होत नाही.

इथे कुणीतरी हसून गणेशोत्सवाच्या वर्गणीची आठवण करून देणार. तिथे कुठली आली स्वेच्छा? रास्त आहे. दारात सात-आठ जवान उभे, पुढचा वही उघडून 'काका, पाचशे एक लिहू ना?' म्हणतोय, आणि मागचा आपल्या स्कूटरवर रेललाय. भीडच काय, क्वचित भीतीही असते. पण या व्यवहाराची जरा कदर करायला हवी. पहिली गोष्ट, यात घासाघीस चालते. पाचशे एकचे दोनशे एक होतात, दोनशे एकचे एकशे एक, आणि शेवटी 'काकूंकडून मोदकांचा प्रसाद' या अटीवर एक्कावन्नात सौदा पटतो. काउंटरवर 'एक रुपया जास्त होतो हो, चार आण्यात बसवा' म्हणून पाहा. दुसरं, पावती मिळते. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार यांची नावं तिच्यावर असतात आणि ते तिघेही शेजारच्याच गल्लीत राहतात, भाजी आणताना भेटतात. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. आणि तिसरं, पैसे कुठे खर्च झाले याचा हिशेब मंडळ दहा दिवस रोज संध्याकाळी, भिंती हादरतील एवढ्या आवाजात सादर करतं. हिशेबाबद्दल इतकी पारदर्शकता जगात दुसरीकडे नसेल. त्याही आधी वासुदेव पहाटे दारात यायचा, आणि सुपात पसाभर धान्य पडलं की कोणकोणत्या देवाला दान पावलं ते नावं घेऊन गात सांगायचा. त्याची ती पावतीच, तीही तालात. काउंटरवर मिळतो तो दीड हात लांब कागद; त्यात तूरडाळ, फिनेल आणि कापूर यांच्या खाली कुठेतरी 'डोनेशन १.००' असतं, आणि आठवड्याभरात ती शाई उडून जाते.

आता एका आरोपातून दुकानदारांना सोडवलं पाहिजे, कारण तो खोटा आहे आणि भ्रमणध्वनीवर सकाळच्या सुविचारांबरोबर फिरत असतो : म्हणे आपल्या पैशावर कंपन्या कर वाचवतात. तसं होत नाही. तुमच्याकडून घेऊन संस्थेला दिलेला रुपया हा दुकानाचा नफाही नाही आणि खर्चही नाही. दुकान फक्त हमाल. करसवलत घ्यायचीच असेल तर ती तुमची. तीन रुपये दिलेत असं धरू. संस्था ८०जीमध्ये बसणारी असेल तर साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट, म्हणजे दीड रुपया. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला ४५ पैसे. पण त्यासाठी तुम्ही जुनी करप्रणाली धरून बसलेले असायला हवेत, नव्या प्रणालीत ही वजावट नाही. शिवाय तुमच्या नावाची, पॅन क्रमांकाची पावती हवी, आणि ती मागायला थांबलात तर दुधाची पिशवीवाला काय करेल ते सांगता येत नाही. एवढं करून मिळवलेले ४५ पैसे घेणार कशात? २५ पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, उरलं सगळ्यांत लहान नाणं ५० पैशांचं. आणि आयकर खातं तर उत्पन्न आणि कर दोन्ही जवळच्या दहा रुपयांत बसवतं. तेव्हा सरकारही राउंड ऑफच करतं, फक्त गोड आवाजात विचारत नाही.

कर वाचत नाही, मग कंपनीला मिळतं काय? तुळशीपत्राचं पुण्य. वर्षाच्या शेवटी भलामोठा पुठ्ठ्याचा धनादेश तयार होतो, तो दोघे-तिघे कडेने धरतात, हसतात, आणि 'आम्ही एवढे लाख दिले' अशी बातमी येते. त्यातल्या 'आम्ही'मध्ये तो पिशवी गळणारा मनुष्य नसतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे ठीक. पण बायजी निदान आयजीला रांगेत उभं करून विचारत तरी नव्हती. यावर 'कंपन्या स्वतःही देतातच की' असं सांगितलं जातं, आणि ते कायद्यानेच खरं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. म्हणजे सरकार हाच एक कॅशियर, आणि कंपनी रांगेत. १ एप्रिल २०१४ ला हा काउंटर उघडला. गंमत पुढे आहे. पहिली काही वर्षं, जिने दोन टक्के खर्च केले नाहीत त्या कंपनीच्या संचालकांनी आपल्या वार्षिक अहवालात फक्त कारण लिहायचं होतं. दिले नाहीत तर का नाहीत, ते मर्यादित शब्दांत, वार्षिक सभेत, एसीमध्ये. न खर्चलेली रक्कम ठरावीक निधीत भरण्याची सक्ती २०२१ पासून आली. माझी मागणी फार नाही. जी सवलत कंपनीला सुमारे सात वर्षं होती ती ग्राहकालाही द्यावी. काउंटरवर एक वही असावी, आणि रुपया न देणाऱ्याने तिच्यात लिहावं : 'चालू तिमाहीत कांद्याचे भाव आणि मुलीची क्लासची फी यामुळे अपेक्षित निधी उपलब्ध होऊ शकला नाही. पुढील तिमाहीत परिस्थिती सुधारण्याची व्यवस्थापनाला आशा आहे.' खाली सही, गृहप्रमुख.

अ‍ॅपवाल्यांकडे काउंटर नाही, मागची रांग नाही, तरी त्यांची तऱ्हा वेगळी नाही. सिनेमाच्या तिकिटामागे १ रुपया बुकमायशोच्या 'बुकअस्माइल' उपक्रमाला, जेवणाच्या बिलाखाली दोन-तीन रुपये झोमॅटोने २०१९ साली पंखाखाली घेतलेल्या 'फीडिंग इंडिया'ला, असे हे ओळीने येणारे पाहुणे. यातला खरा वाद एका चौकोनाचा आहे : बरोबरची खूण आपण करायची, की ती आधीच केलेली असून आपण काढायची? ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि ऑनलाइन विक्रीतल्या तेरा लबाड्यांची नावं घेतली. ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याच्या बिलात वस्तू, सेवा किंवा देणगी घुसडणं, म्हणजे 'बास्केट स्नीकिंग', ही त्यांतली एक. तिथे देणगीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे, म्हणजे प्राधिकरणातही कुणाच्या तरी पिझ्झ्यावर हे तीन रुपये येऊन बसले असणार. दुसरी लबाडी 'कन्फर्म शेमिंग'. नकार देणाऱ्याच्या मनात भीती, लाज किंवा अपराधीपणा उत्पन्न करून त्याला वळवणं, असा तिचा साधारण आशय. हे नियम धंदेवाल्यांना लागू आहेत म्हणून बरं. नाहीतर 'आमच्याकडचं गोड आवडत नाही वाटतं तुला' म्हणत तिसऱ्यांदा जिलबी वाढणाऱ्या राज्यातल्या तमाम आत्या आणि माम्यांवर कारवाई करायची वेळ आली असती. पण अ‍ॅपवर निदान एकांत असतो. खूण काढून टाकताना आपला चेहरा पाहणारं कुणी नसतं, फक्त एक हसरं चित्र असतं, आणि चित्राला तोंड देता येतं.

काउंटरवर चित्र नसतं, माणूस असतो. म्हणून 'नाही म्हणा की, कोण अडवतंय?' हा आक्षेप मला सगळ्यांत लंगडा वाटतो. ज्याला नाही म्हणायचंय तो तिथे नसतोच. ज्याची कल्पना आहे तो कुठल्यातरी काचेच्या इमारतीत बसलेला असतो. समोर असते ती सकाळपासून उभी असलेली, बसायला स्टूल नसलेली मुलगी. तिला हे वाक्य पाठ करायला लावलंय, आणि ती ते 'नमस्कार, आपलं स्वागत आहे' याच सुरात, एका श्वासात म्हणते. 'कुठल्या शाळेतल्या मुलांसाठी?' असं विचारलं तर ती गोंधळते. "एनजीओ आहे सर." कुठली? ती मान वळवून सुपरवायझरला हाक मारते, सुपरवायझर दुसऱ्या काउंटरवर भेंडीचा कोड शोधत असतो. आपल्याला एकदम तिचीच दया येते आणि आपण रुपया देतो. तो मुलांच्या शिक्षणासाठी देत नाही, तिची सुटका व्हावी म्हणून देतो. वर्गणी मागणाऱ्याशी भांडता येतं, कारण मंडळ त्याचं असतं. टपाल देणाऱ्याशी पत्रातल्या मजकुराबद्दल कोण भांडणार?

एके काळी या सगळ्याला सुट्ट्यांचं कारण तरी होतं. १९९ रुपयांचं बिल, दोनशेची नोट, आणि गल्ल्यात रुपया नाही. मग दुकानदार बरणीत हात घालून एक गोळी पुढे करायचा. चिल्लरऐवजी चॉकलेट हे एक चलनच होतं, फक्त एकतर्फी. तेच चॉकलेट दुसऱ्या दिवशी त्याला रुपया म्हणून परत देऊ केलं की त्याला कायदा आठवायचा. रुपया दानात टाकू का, हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर त्यात निदान अडचणीची सोय होती. आता भाजीवालीच्या गाड्यावरही क्यूआर कोड आहे, ४३७ रुपये ३० पैसे असले तर तेवढेच जातात. सुट्टे संपले, गोळ्या संपल्या, सोयीचं कारणही संपलं. मागणं मात्र उरलं.

उपाय असलाच तर तो शिकागोच्या चिठ्ठीतच आहे. प्रश्न बाहेर पडताना विचारू नये, आत शिरताना विचारावा. दारात, ट्रॉल्यांच्या शेजारी फलक लावा : या महिन्यात आम्ही अमुक गावच्या शाळेसाठी पैसे जमवतोय, तुम्ही जेवढे द्याल तेवढेच आम्हीही घालू, द्यायचे असतील तर बिलाच्या वेळी तुम्हीच सांगा, आम्ही विचारणार नाही. देणारे देतील. त्या शाळेच्या गावचे असतील तर पन्नास देतील, शंभर देतील. काही जण वाचून न वाचल्यासारखं करतील आणि सुखाने साबण निवडतील. दुकानाला हे परवडणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण मग ते २८ ते ४२ टक्के गळतील, आणि पुठ्ठ्याचा धनादेश तेवढा आखूड होईल. पण मग निदान बिल तरी खरं छापावं. 'डोनेशन' हा शब्द काढावा. तूरडाळ, फिनेल, कापूर, आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत : भीड, नग १, दर १.००. त्याखाली आजची बचत ८७ रुपये. आणि सगळ्यांत तळाशी, नेहमीसारखं बारीक अक्षरांत, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.